युरो एकच, मग तिजोरी वेगळी का?

देवगडकर: आमच्याकडनं हापूस युरोपात जातो, बिल युरोत, म्हणून सहज विचारतोय, चलन एक तर ग्रीस कर्जात बुडताना जर्मनीने मदतीला एवढे आढेवेढे का घेतले?

गजालीवाला: अरे व्याजदर फ्रँकफर्टची युरोपियन सेंट्रल बँक सगळ्यांसाठी ठरवते पण कर नि बजेट ज्याचं त्याचं. तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांत ठेवायचा नियम, तो २००३ च्या सुमारास जर्मनी-फ्रान्सनेच मोडला, दंड शून्य! ग्रीसला मात्र पेन्शन कापायला लावली.

रत्नांग्रीकर: त्यात ग्रीसचं जुनं चलन ड्राख्मा गेलेला, म्हणजे अवमूल्यनाचा, आपलं चलन स्वस्त करून सावरायचा रस्ताच बंद.

गजालीवाला: तरी २०२० ला कोरोनातनं सावरायला युरोपीय संघाने (ईयू) ७५० अब्ज युरोचा फंड सामायिक कर्ज काढून उभा केला, नेदरलँड्सवाले कुरकुरले, चारेक दिवस घासाघीस.

देवगडकर: म्हणजे सातबारा एक, चुली वेगळ्या. फेडणार कोण?

गजालीवाला: ईयूच्या बजेटातनं, २०५८ पर्यंत.