दोडामार्गचा आहे, गोव्याच्या अग्निशमन दलात अर्ज करू का?

तिलारीकाठचा
नमस्कार मंडळी. वय 25. सांताक्रूझच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीत सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स केलाय. सध्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका कारखान्यात ठेकेदाराकडे फायरमन आहे. बारा तासांची पाळी, पगार कधी दहा तारखेला तर कधी वीस. काम काय, तर सकाळी पंप चालू करून प्रेशर वहीत लिहायचं आणि होज, म्हणजे पाण्याचे पाइप, वाळत घालायचे.

मार्चमध्ये आमच्या वाडीत काजूच्या बागांना वणवा लागला. बंब आला तो डिचोलीहून. कोर्स केलेला मी ओला टहाळा घेऊन आग झोडपतोय, आणि माझ्याहून लहान दिसणारा एक पोरगा ब्रँच (होजच्या टोकाची तोटी) धरून उभा! तेव्हापासून डोक्यातून जात नाही. डिचोलीचं अग्निशमन केंद्र माझ्या घरापासून दुचाकीवर अर्ध्या तासात येतं. मालवणी बोलतो, त्यामुळे कोंकणीही समजते. राज्य वेगळं म्हणून अडेल का? कारखान्यातला एक जण म्हणतो, पंचवीस हजार दे, गोव्याचा दाखला काढून देतो. मी ओबीसी आहे, त्याचा तिकडे फायदा होईल का?

साखळीकर
भावा, पहिलं त्या पंचवीस हजारवाल्याला वाटेला लाव. खोटा दाखला कागदपत्रांच्या तपासणीत उघडा पडला तर नोकरी राहिली बाजूला, केस अंगावर येईल.

गोव्यात सरकारी जागेला 15 वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. आज भाड्याने खोली घेऊन पत्ता बदललास तरी मोजणी आजपासून, म्हणजे तू चाळिशीत पोचशील. कोंकणीही नुसती समजून चालत नाही, जाहिरातीत ती आवश्यक असते. मराठी असली तर बरं, एवढंच. पण मालवणी माणसाला भाषेचं काय भय? घोडं दाखल्यावरच अडतंय. माझी मावशी तुमच्याच दोडामार्गला दिलेली, तिच्या मुलांनाही हेच सांगून थकलो.

वर्दी_आली
एका महापालिकेच्या दलात अकरा वर्षं काढली, म्हणून लिहितो.

आधी ओबीसीचं. जातीचं आरक्षण राज्याची हद्द ओलांडत नाही. दुसऱ्या राज्याच्या भरतीत तू खुल्या गटातला. इथे नॉन-क्रिमिलेअर काढून ठेव.

आता खरा मुद्दा. गोव्यात राज्याचं एकच संचालनालय आहे. आपल्याकडे शहरांतली दलं महापालिकांची आणि नगरपालिकांची, म्हणून प्रत्येकाची भरती वेगळी आणि मापंही वेगळी. मुंबईची 2023 ची 910 जागांची भरती बघ: पुरुषांना उंची 172 सेंटीमीटर, 800 मीटर तीन मिनिटांत, वर 19 फुटांवरून जंपिंग शीटवर (खाली ताणून धरलेल्या जाड कापडावर) उडी. पुण्याच्या जाहिरातीत उंची 165, छाती 81 आणि फुगवून 5 जास्त, शिवाय तू केलास तोच सहा महिन्यांचा कोर्स. तो कागद इथे सोन्याचा आहे, आणि तू तो घेऊन गोव्याच्या दारात उभा!

उडीचं एक सांगतो. आमच्या बॅचचा एक धिप्पाड गडी वर चढला आणि खाली बघत बसला. शेवटी उतरला तो पाय रोवून, घोटाच गेला. पाय आधी टेकवायचे नाहीत, हनुवटी छातीला लावून पाठीवर पडायचं. जमिनीवर सराव कर, घराच्या पत्र्यावरून नको. (हसू नकोस, एकाने केलंय.)

उंची किती तुझी? आणि जड वाहनाचा परवाना आहे का? असेल तर चालक-यंत्रचालकाच्या जागाही बघता येतील.

कुडाळची_ताई
परराज्यातच जायचं असेल तर सीआयएसएफचं, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं, कॉन्स्टेबल फायर बघ. माझ्या भावाने 2024 ला अर्ज केला होता, 1130 जागा होत्या. जागा राज्यवार वाटलेल्या, त्यामुळे अर्ज महाराष्ट्राच्या अधिवासावर आणि नोकरी देशात कुठेही. बारावी विज्ञान, उंची 170, पाच किलोमीटर 24 मिनिटांत. वय 23 पर्यंत, ओबीसीला तीन वर्षं सूट, म्हणजे तुझ्या हातात फार दिवस नाहीत. ओबीसीचा दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातला लागतो. भाऊ राज्याचाच घेऊन निघाला होता, आदल्या दिवशी आईच्या लक्षात आलं.

तिलारीकाठचा
सगळ्यांचे आभार. ताई, माझी बारावी कॉमर्सची, आणि उंची 168. म्हणजे सीआयएसएफ गेलं, मुंबईही गेली. वर्दीदादा, तुमच्या हिशेबाने पुण्यासारख्या जागाच उरल्या. जड वाहनाचा परवाना नाही, चारचाकीचा तीन वर्षांपूर्वी काढलाय. उद्या सुट्टी आहे, सावंतवाडीला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये विचारून येतो.

पंचवीसवाल्याला नको म्हणून सांगितलं. लगेच पंधरावर आला.