भगवानदादांची आठवण काढताना सुरुवात चाळीपासूनच का?

पिटातला प्रेक्षक
२००२ साली तीन आठवड्यांच्या आत दोन मोठे कलावंत गेले. १५ जानेवारीला तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर, ४ फेब्रुवारीला हिंदी चित्रपटांतले नट-दिग्दर्शक भगवानदादा. आजही त्यांच्यावरचा कुठलाही लेख उघडा, साचा तोच. भगवानदादा म्हटलं की जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, सात गाड्या आणि शेवटी दादरची चाळ. विठाबाई म्हटलं की हलाखी आणि आजारपण. माणूस आयुष्यभर काय करत होता, ते चौथ्या परिच्छेदात उरकून टाकायचं.

भगवानदादा, गिरणी कामगाराचा हा मुलगा, मूकपटांच्या काळात पडद्यावर आला. मारधाडीचे स्वस्तातले चित्रपट काढून त्याने कामगार वस्तीतला प्रेक्षक मिळवला. १९४१ मध्ये तमिळमध्ये 'वनमोहिनी' दिग्दर्शित केला, १९४९ मध्ये 'भेदी बंगला' हा भयपट काढला. मग १९५१ चा 'अलबेला'. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही तेच. समोर गीता बाली, संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे अण्णांचं, आणि पडद्यावरच्या भगवानदादांना आवाजही अण्णांचाच. 'शोला जो भडके' पुन्हा बघा. पाय जमिनीवरून फारसे उचलतच नाहीत. गुडघे किंचित वाकलेले, हात कोपरात दुमडून अर्धे वर, सगळी लय खांद्यांत आणि कमरेत. बुटका, स्थूल माणूस, नायकाला शोभेल असं रूप नाही, तरी नजर त्याच्यावरून हटत नाही. आज वरातीत ज्याला नाचता येत नाही तोही जे करतो, ते हेच. यावर चार ओळी लिहायला कुणाला वेळ नसतो. माझं स्पष्ट मत आहे: श्रद्धांजलीची सुरुवात कामापासून व्हावी, दैन्य सांगायचंच असेल तर शेवटी एका वाक्यात सांगावं.

फडावरचा
तीव्र असहमत. भगवानदादांचं राहू द्या, विठाबाईंचं दैन्य एका वाक्यात गुंडाळता येणार नाही, कारण ते त्यांच्या एकटीचं नव्हतं. तमाशाचा फड म्हणजे गावोगावच्या जत्रा, राहुट्या, उसनवारी आणि पावसाळ्यात सगळं बंद. आजारी पडलं की मागे ना पगार, ना विमा. भाऊ-बापूंच्या तमाशा घराण्यातली ही लेक, राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली, आणि शेवटी इस्पितळाच्या बिलासाठी लोकांच्या देणग्यांवर वेळ आली. हे आम्ही बोलत राहिलो म्हणून निदान लाज तरी वाटली. २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. फक्त लावणीचं कौतुक करत बसलो असतो तर टाळ्या वाजल्या असत्या, बाकी काही झालं नसतं.

पिटातला प्रेक्षक
फडावरचा, पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर आला, हे तुम्हीच लिहिलंत. आणि त्यांच्याबद्दल सगळ्यांना एकच प्रसंग पाठ असतो: नऊ महिने भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्यावर पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. अंगावर काटा येतो, मान्य. पण त्यांचा आवाज कसा होता, वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, त्या कुठली भूमिका कशी उभी करत, हे विचारा. सांगणारा मिळत नाही. त्यांचं दुःख आपण जपलं आणि कला हातची घालवली.

रीळवाली
दोघांच्या मध्ये ललिता पवारांना आणते, कारण त्यांचा धागा भगवानदादांशीच जोडलेला आहे. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. मूकपटांपासून नायिका असलेली बाई, उपचारांत वर्षं गेली आणि परतली ती चरित्र भूमिकांत. आता ही गोष्ट 'शेवटी एका वाक्यात' कशी टाकणार? कारकिर्दीची दिशाच तिथे बदलली. आणि भगवानदादांवर लिहिताना ती आपण सोयीस्करपणे गाळतो, किंवा गमतीचा किस्सा म्हणून सांगतो. एका बाईचा डोळा गेला, त्याचा किस्सा होऊ नये. दादांवर माझंही प्रेम आहे, पण कौतुकाचा लेख असला तरी हे त्यात आलंच पाहिजे.

पिटातला प्रेक्षक
हे यायलाच हवं. ते कामाच्या इतिहासातच मोडतं. पण ललिताबाईंवर लिहिताना तरी तो डोळा पुरे का? 'अनाडी'मधली मिसेस डिसा आठवा. वरून कडक, आतून मायाळू. फिल्मफेअर मिळालं ते त्या कामाला.

गिरणगावकर
मला चाळीबद्दलच बोलायचं आहे. चाळीत राहणं म्हणजे शोकांतिका, हे कुणी ठरवलं? आमच्या भागातली जुनी मंडळी सांगतात की विसर्जनाच्या मिरवणुका दादांच्या चाळीसमोर थांबायच्या, बँडवाले 'भोली सूरत' वाजवायचे आणि दादा खाली येऊन त्या दोन स्टेपा करून दाखवायचे. पैसा गेला, हे खरंच. पण लेखांतून त्या जागेबद्दल जी कीव दिसते, ती आम्हाला लागते. आमची अर्धी मुंबई तिथेच वाढली.

फडावरचा
गिरणगावकर, चाळीची कीव मीही करत नाही. पण पैसा का गेला, ते लिहा ना. 'झमेला', 'लाबेला' काढले, 'अलबेला'सारखं यश पुन्हा आलं नाही. स्वतःचा पैसा लावून चित्रपट काढणाऱ्याला एका अपयशानंतर सावरायला काहीच आधार नव्हता. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा ठोस हक्क मिळायलाही २०१२ ची कायदादुरुस्ती उजाडावी लागली. हे लिहिणं म्हणजे रडगाणं नाही.

पिटातला प्रेक्षक
रॉयल्टीचा मुद्दा अण्णांसारख्यांना लागू. दादा स्वतःच निर्माते होते, त्यांनी जोखीम उघड्या डोळ्यांनी घेतली. त्यांना 'व्यवस्थेचा बळी' करून टाकलंत की त्यांची हिंमतच पुसली जाते. विठाबाईंच्या बाबतीत तुमचं बरंचसं पटतं, दादांच्या बाबतीत नाही. १ ऑगस्टला त्यांची जयंती. त्या दिवशी मी 'अलबेला'च्या नाचांवर, एकेका गाण्यावर स्वतंत्र लिहिणार आहे. तमाशाच्या अर्थकारणावर तुम्ही लिहा, आणि विठाबाईंना प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी ओळखीत असेल तर त्यांच्याकडून आवाजाबद्दल आधी विचारून घ्या.