तीन बॉल उडवत मॅरेथॉन, कोणी प्रॅक्टिस केली का?

दारव्ह्याचा_पोट्टा
राम राम मंडळी. दारव्ह्याजवळ खेड्यात रायतो, हाफ झालेली आहे, आता फुल मारायची पण तीन बॉल हवेत खेळवत, जॉगलिंग म्हणतात त्याले. उभ्यानं मस्त जमते पण पळाले लागलो का बॉल सीधा पऱ्हाटीत. रोडवर भरतीचे पोट्टे १६०० मीटर मारत असतात, ते हासतात ते वेगळंच. बॉल कोणते घेऊ, अन् लाँग रन पूर्ण बॉल घेऊनच करा लागते का?

रिकामा_गडी
लेका डवरणीचे दिवस हायेत, बाप काही म्हनत नाही का 😂 हे खरंच कोणी करते का बे?

मामा_वर्धेकर
करतात ना. कॅनडाचा मिखाल काप्राल, टोरंटोत २००७ मध्ये तीन बॉल खेळवत अख्खे ४२.१९५ किमी २ तास ५० मिनिटं १२ सेकंदात. आपल्याले नुसतं पळून तरी होते का तेवढ्यात.
पोट्ट्या, तू बॉल समोर फेकून रायला, तिथंच घोळ आहे. सरळ वर फेक. चालत्या एसटीत चिल्लर वर उडवली त हातातच येते ना, तसंच, तुह्या पळण्याचा स्पीड बॉलले आधीच असते. कोपरं अंगाजवळ, फेक हनुवटीच्या वर नाही, अन् नजर हातावर नाही, बॉल जिथून खाली वळते तिथं. पावलागणिक एक फेक. पळताना हात तसेही पायाच्या उलटे हालतात, म्हणून ताल लवकर बसते, फक्त स्पीड कमी-जास्त करू नको. अन् पडला त बॉल उचल, अन् जिथं हातून सुटला तिथं येऊन तिथूनच पुढं, नियम तोच आहे.
रबरी बॉल अजिबात नाही, टप्पा खाऊन नालीत जाते. जुन्या मोज्यात ज्वारी भरून शिव, पडला का थप्पकन जागेवर.

अमरावतीची_रनर
लाँग रन बिना बॉलचाच करा भाऊ, बॉल फक्त सोप्या रनले, आधी १ किमी मग हळूहळू वाढवा. नाहीतर खांदे अन् मान भरून येते आणि मग आठवडाभर काहीच नाही, ना बॉल ना रनिंग. खरी पंचाईत उजेडाची आहे. उन्हाळ्यात आपण उन्हाच्या भीतीनं अंधारात निघतो, त्यात बॉल दिसत नाही, अन् उजाडल्यावर पूर्वेकडे तोंड असलं त सूर्य डोळ्यात, म्हणून उत्तर-दक्षिण रोड पाहा. पाण्यासाठी थांबाच, पळता पळता प्याले जाल त तीनही खाली. गर्दीच्या रेसमध्ये आधी आयोजकांना विचारा अन् मागून निघा, कोणाच्या पायात बॉल आला त तो पडन.

दारव्ह्याचा_पोट्टा
ओके मामा, वर फेकून पाहतो. ताई, आमचा रोड पूर्व-पश्चिमच आहे, नहराच्या कडेनं जातो आता. पण ज्वारी घामानं ओली होते म्हणते माय, वास मारन. तूर भरली त?

मामा_वर्धेकर
तूर या भावात? ज्वारीच भर, वरून दोन फुगे तोंड कापून चढव, घाम आत जात नाही. फाटला फुगा का दुसरा.