नाल्याच्या गाळावर शेड: वाळूचे खांब चालतील का?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. तापीकाठी बुजलेल्या नाल्यावर केळी पॅकिंगची 12 × 20 मीटरची शेड घ्यायची आहे. 4 मीटर काळा गाळ, खाली मुरूम, पाणी दीड मीटरवर. ठेकेदार म्हणतो, 300 मिमीचे वाळूचे खांब 90 सेंमीवर त्रिकोणी मांडणीत मारू आणि लगेच फुटिंग (काँक्रीटचा पाया) घालू. वाळू किती लागेल?

भुईपाया
मांडणी बरोबर, "लगेच" चूक. या मापात खांब जमिनीचा जेमतेम 10 टक्के भाग व्यापतात. वाळू गाळाच्या तिप्पट भार घेते असं धरलं तरी एकूण खचणं सहाव्या हिश्श्यानेच कमी होतं. खरा फायदा निचऱ्याचा. गाळातलं पाणी आडवं अर्ध्या मीटरपेक्षाही कमी जाऊन वाळूत शिरतं. आडव्या निचऱ्याचा गुणांक (गाळ पाणी सोडून किती वेगाने आवळतो तो आकडा) वर्षाला 1 चौ. मीटर धरला, तर 90 टक्के खचणं दोनेक महिन्यांत उरकतं; खांबांशिवाय तीन वर्षांहून जास्त. पण वर भार नसेल तर पाणी निघणार कशाने? म्हणून आधी मुरमाचा दीड मीटर ढीग, अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या टप्प्यांनी. एकदम टाकलात तर गाळ बाजूला फुगून वर येतो.

वाळू: एका खांबाला दाबून 10 घनफूट, सुटी साडेबारा, एका ब्रासात (100 घनफूट) 8 खांब. आत साधारण 345, कडेची एक ओळ धरून 415, म्हणजे 52 ब्रास. वरचा अर्ध्या मीटरचा थर आणखी 42 ब्रास. अंदाजपत्रकात हा हमखास राहतो, आणि तो नसेल तर खांबातून आलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही.

गिरणाकाठ
मारताना: तळाला सुटी प्लेट लावलेला पाइप मुरमापर्यंत ठोका, वाळू भरा, अर्धा-अर्धा मीटर उचलत कुटा. पाइपात वाळू खालच्या तोंडाच्या वर किमान 1 मीटर असू द्या. ती कमी पडली की गाळ आत घुसतो, खांबाची मान आवळते आणि निचरा तिथेच तुटतो. वरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक खांबाची वाळू मोजून वहीत लिहा; सुटी वाळू साडेबारा घनफुटांपेक्षा कमी गेली तर तो खांब पुन्हा. काम मधून बाहेर न्या. वाळू जाड, धुतलेली हवी. कृत्रिम वाळू चालेल, पण न धुतलेल्या वाळूतली भुकटी निचरा बुजवते.

काळीची_भेग
भो, एक तपासा: हा ओला गाळ आहे, की उन्हाळ्यात भेगाळणारी काळी? कोरड्या, फुगणाऱ्या कपाशीच्या मातीत हेच खांब पावसाचं पाणी खोलवर नेतात आणि जमीन जोरात फुगते. 425 मायक्रॉन चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली 10-10 ग्रॅम माती 100 मिलिच्या दोन नळ्यांत घ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. 24 तासांनी पाण्यातली माती रॉकेलातल्यापेक्षा किती टक्के जास्त भरली ते काढा. 50 च्या वर गेली आणि माती कोरडी असेल तर वाळू नको. अंडररीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) घ्या, किंवा काळी काढून आयआयटी मुंबईच्या कट्टी सरांच्या पद्धतीने न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा मीटरभर थर.

केळीबाग_रावेर
गाळ बारमाही ओला आहे, मुठीत दाबला की बोटांतून निघतो. ढीग कधी काढायचा?

भुईपाया
बोटांतून निघतो म्हणजे फारच मऊ. आधी व्हेन टेस्ट करा, म्हणजे गाळात पाती फिरवून त्याची ताकद मोजा. 7 किलोपास्कलच्या खाली आलं तर नुसत्या वाळूला बाजूचा आधार मिळत नाही, खांब वरच्या मीटरभरात फुगतो. तसं असेल तर जिओटेक्स्टाइलच्या (पाणी जाऊ देणारं कृत्रिम कापड) पिशवीत वाळू भरावी लागेल. ढिगाखाली लोखंडी प्लेटा ठेवा, आठवड्यातून दोनदा लेव्हल घ्या. ओळीने तीन-चार आठवडे आकडा 1–2 मिमीपेक्षा जास्त हलला नाही की ढीग काढा.