मदत हवी आहे: ऑकलंडमध्ये परसात ग्रॅनी फ्लॅट, कन्सेंट नको पण पुराच्या रेघेचं काय?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात राहतो. जुनं लाकडी घर, मागे बऱ्यापैकी मोठं परस. सासू-सासरे सांगलीहून पॅरेंट बूस्ट (इथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीच्या) व्हिसावर येतायत. व्हिसा पाच वर्षांचा, आणि नातवंडांच्या खोलीत गादी टाकून पाच वर्षं निघत नाहीत. म्हणून मागे छोटं स्वतंत्र घर बांधायचं घाटतंय. बेडरूम, ओटा, बाथरूम. सासऱ्यांची मागणी एकच, सकाळचं ऊन येणारा व्हरांडा.

१५ जानेवारी २०२६ पासून नियम सैल झालेत. ७० चौरस मीटरपर्यंतचं (साधारण साडेसातशे स्क्वेअर फूट) एकमजली, सुटं, साध्या रचनेचं घर बिल्डिंग कन्सेंटशिवाय (कौन्सिलच्या बांधकाम परवानगीशिवाय) बांधता येतं. अटींत बसलं तर रिसोर्स कन्सेंटही (जमीन-वापराची परवानगी) नको. हलकी फ्रेम, हलकं छत, हद्दीपासून आणि मूळ घरापासून किमान २ मीटर अंतर, काम लायसन्सवाल्यांकडून. इथवर जमतंय.

घोडं पुढे अडलंय. कौन्सिलच्या फ्लड व्ह्यूअरवर (पुराच्या ऑनलाइन नकाशावर) आमच्या परसाच्या डाव्या कोपऱ्यातून ओव्हरलँड फ्लो पाथची, म्हणजे मोठ्या पावसात पाणी जमिनीवरून वाहतं त्या वाटेची, रेघ जाते. रेघ खोटी नाही. २७ जानेवारी २०२३ च्या पावसात तिथल्या फिजोआच्या (फळझाडाच्या) खालच्या फांद्यांना कचरा अडकून राहिला होता. त्याच बाजूला कुंपणापाशी मॅनहोलचं झाकणही आहे.

तयार घरं विकणाऱ्या एकाचं म्हणणं, "आता कौन्सिलला विचारायचंच नसतं, डिपॉझिट भरा, लगेच सुरू करू." हे पटत नाही. कुणी या नव्या नियमाखाली काम काढलंय का? आधी काय करायचं? आणि कन्सेंट नाही म्हणजे शेवटी सर्टिफिकेटही नाही, मग बँक आणि इन्शुरन्सवाले काय म्हणतात?

सुतारपक्षी:
मी इथे बांधकामातच आहे. "विचारायचंच नसतं" ही शुद्ध थाप. काम सुरू करण्याआधी कौन्सिलकडून पिम, म्हणजे प्रोजेक्ट इन्फर्मेशन मेमोरँडम, घ्यावाच लागतो. जमिनीबद्दल कौन्सिलकडे असलेली माहिती, पुराचीसुद्धा, त्यात येते. पिम मिळाल्यापासून दोन वर्षांत घर पुरं व्हायला हवं. पुरं झाल्यावर २० कामाच्या दिवसांत अंतिम नकाशे, कारागिरांच्या कामाच्या नोंदी, प्लंबिंग-विजेची सर्टिफिकेटं कौन्सिलला द्यायची. बिल्डिंग कोड जसाच्या तसा लागू आहे. इन्स्पेक्टर येत नाही एवढंच, म्हणजे जबाबदारी तुमच्या आणि बिल्डरच्या गळ्यात.

रिसोर्स कन्सेंटच्या सवलतीने पुराचे स्थानिक नियम रद्द होत नाहीत. डावा कोपरा विसरा. मॅनहोल म्हणजे खालून सार्वजनिक लाइन असणार. ती सांडपाण्याची असेल तर तिच्या जवळ बांधायला वॉटरकेअरची (शहराच्या पाणी-सांडपाणी कंपनीची) वेगळी मंजुरी. आधी पिम, मग डिपॉझिट.

हॅमिल्टनकर:
बँकेला आत्ताच विचारा, तोंडी नको, ईमेलवर. वर्षानुवर्षं त्यांना कोड कम्प्लायन्स सर्टिफिकेट (काम बिल्डिंग कोडप्रमाणे झाल्याचा कौन्सिलचा दाखला) बघायची सवय आहे. इन्शुरन्सचंही तेच, नवीन घर पॉलिसीत लेखी घालून घ्या. बिल्डर आणि ड्रेनलेयरचा (ड्रेनेजचे पाइप टाकणाऱ्याचा) प्रत्येक कागद जपा, घर विकताना घेणाऱ्याचा वकील पहिला तोच मागेल. डेव्हलपमेंट काँट्रिब्यूशन (नव्या बांधकामावर कौन्सिल घेते ती रक्कम) लागू शकतं, पाण्याच्या जोडणीचे पैसे वेगळे. घराच्या जाहिरातीत यातलं काहीच धरलेलं नसतं!

तुमचं टायटल क्रॉस-लीज (जमीन शेजाऱ्यांसोबत सामायिक मालकीची) तर नाही ना? असेल तर शेजाऱ्यांची संमती लागेल.

पेठकरी:
साडेसातशे फुटांना तुम्ही 'छोटं' म्हणता? आमचा पुण्यातला संसार त्याहून कमी जागेत चाललाय. असो. सासू-सासरे परत गेल्यावर भाड्याने देता येतं का?

सुतारपक्षी:
येतं. पण भाडेकरू ठेवला की हेल्दी होम्सचे नियम लागू, म्हणजे हीटर, इन्सुलेशन, एक्झॉस्ट फॅन वगैरे. आत्ताच त्या हिशेबाने बांधा. पर्यटकांना रोजावर द्यायचं असेल तर कौन्सिलचा प्लॅन आधी वाचा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. टायटल फ्रीहोल्ड आहे, म्हणजे जमीन आमच्या एकट्याच्या मालकीची, तेवढी कटकट नाही. नवऱ्याने टेप घेऊन उजवी बाजू मोजली. दोन्हीकडचे दोन-दोन मीटर सोडले की सत्तरचं स्वप्न पन्नासच्या आसपास येतं. दोघांना पुष्कळ झालं. पण व्हरांडा त्या बाजूला दुपारनंतरच्या उन्हात येतोय, हे सांगलीला अजून कळवलेलं नाही. पिमचा अर्ज या आठवड्यात टाकते आणि बँकेला ईमेल करते. डिपॉझिटवाल्याला थांबायला सांगितलं, तर त्याने सवलत वाढवली!

ऑकलंडमध्ये जुन्या लाइनची कॅमेऱ्याने तपासणी करून देणारा भरवशाचा ड्रेनलेयर कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि करा.