संभाव्यतेतल्या बायेसच्या प्रमेयापाशी अडलेय, ऑनलाइन काय बघू?

ऐरोलीकर: कॉमर्सवाली आहे, डेटा ॲनालिटिक्सकडे वळायचंय. सरासरी, प्रमाण विचलन जमतं; सशर्त संभाव्यता (एक गोष्ट घडलीय हे कळल्यावर दुसरी घडण्याची शक्यता) आली की डोकं गरगरतं. वाशी-ऐरोली लोकलमध्ये उभ्याने बघता येईल असं सुचवा. क्लासची फी परवडणार नाही.

कळव्याचा मास्तर: ताई, उभ्याने यूट्यूबवरचं स्टॅटक्वेस्ट चॅनल बघा. त्यातला जॉश स्टार्मर पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही इतका ठळक निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) सावकाश सोडवून सांगतो (सुरुवातीची गाणी सहन करा). हार्वर्डच्या स्टॅट 110 या संभाव्यतेच्या कोर्सची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत, पण ती घरी, वही घेऊनच. आणि बायेसला आधी सूत्र नको, माणसं मोजा. समजा, 1000 जणांत 10 आजारी. चाचणी त्यातले 9 पकडते, पण 990 निरोग्यांपैकी 99 जणांनाही पॉझिटिव्ह ठरवते. एकूण पॉझिटिव्ह 108, खरे आजारी 9. म्हणजे पॉझिटिव्ह आलेला खरंच आजारी असण्याची शक्यता जेमतेम 8 टक्के!

घोडबंदरवाला: ब्राउन विद्यापीठाची सीइंग थिअरी ही वेबसाइट बघा. स्क्रीनवर नाणं उडवत बसायचं. लॅपटॉपवरच मजा येते.

ऐरोलीकर: 108 मधले 9 फक्त? आत्ता कुठे उजेड पडला, सर. स्टॅट 110 ला कॅल्क्युलस लागतं का?

कळव्याचा मास्तर: सतत चलांपाशी (उंची, वेळ अशा, मधली कुठलीही किंमत घेऊ शकणाऱ्या राशी) लागतं. तोवर खान अकॅडमीवर कॅल्क्युलसमधलं इंटिग्रेशन उरकून घ्या.