फॅन बेल्ट आणि इंजिनाचे फाउंडेशन घरी बदलताना वजन कशावर घ्यावे?

खानापूरकर

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि खानापूर ते बेळगाव असे रोजचे जाणे-येणे आहे. गेल्या महिनाभरापासून सकाळी गाडी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटे बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि एसी चालू ठेवून सिग्नलला थांबलो की स्टिअरिंगसह सगळा डॅशबोर्ड थरथरतो. मिस्त्रींनी पाहून सांगितले की उजव्या बाजूचे फाउंडेशन (इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा रबरी आधार) बसले आहे आणि अल्टरनेटरचा पट्टाही, म्हणजेच फॅन बेल्ट, जुना झाला आहे. पट्टा नेमका त्याच फाउंडेशनखालून जात असल्यामुळे दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकावीत, असे माझ्या मनात आहे.

ब्रेक पॅड आणि इंजिन ऑइल मी आजवर घरीच बदलत आलो आहे. गोटी पान्यांचा संच आणि ट्रॉली जॅक आहे. अंगण मात्र मातीचे असून पावसाने मऊ झाले आहे. घराच्या कामातले जांभ्याचे चार चिरे शिल्लक आहेत, त्यांवर गाडी टेकवून काम करावे असे वाटते. इंजिनाचे वजन कशावर तोलावे आणि पट्टा कोणत्या नंबरचा आणावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उद्यमबागेतील फिटर

सर्वप्रथम ते चिरे बाजूला ठेवावेत. जांभा भिंतीत उत्तम, कारण तिथे वजन सगळीकडे सारखे पसरते. गाडीचे वजन मात्र चेसिसच्या एका अरुंद कडेवर येते, आणि सच्छिद्र दगड अशा टोकदार दाबाखाली कोणतीही सूचना न देता फुटतो. विटांचेही तेच. दोन जॅक स्टँड आणावेत, आणि फरशी किंवा काँक्रीट असलेली जागा शेजाऱ्यांकडे मागून घ्यावी. मातीत ट्रॉली जॅकची चाके रुततात, मग जॅक तिरपा होतो.

आता फाउंडेशनविषयी. आडव्या बसवलेल्या इंजिनात उजवे फाउंडेशन इंजिनाला वरून धरून ठेवते. ते सोडले की ती बाजू खाली येते आणि एसीचे पाइप, रेडिएटरचे होज, सायलेन्सरचा लवचीक जोड अशा सगळ्यांवर ताण पडतो. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, ऑइल पॅनखाली रुंद सागवानी फळी ठेवून जॅक हलकेच वर घ्यावा. इंजिन उचलायचे नाही, फक्त तोलायचे आहे. किती वर घ्यावे, हे बोल्टच सांगतो: पान्याने एक फेरा सैल केलेला बोल्ट बोटांनी सहज फिरू लागला की वजन जॅकवर आले असे समजावे. बोल्ट अडकून राहत असेल तर जॅक केसभर वर किंवा खाली करावा, पाना हातोडीने ठोकू नये. बोल्टांवर गंज असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. एखादा स्टड तुटलाच तर ड्रिलने प्रयोग न करता ब्रॅकेट काढून इकडे लेथवर आणावे, अशी कामे इथे रोज होतात.

निपाणीहून

पट्ट्याचे मी सांगतो, कारण लोक बहुतेक वेळा तिथेच पैसे वाया घालवतात.

जुन्या पट्ट्याच्या पाठीवर ६ पीके १२०० अशा स्वरूपाची खूण छापलेली असते. ६ म्हणजे पट्ट्याच्या आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने जाणाऱ्या उंच रेघा (धारा), पीके म्हणजे धारांमधले ३.५६ मिलिमीटरचे अंतर, आणि शेवटचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. खूण पुसली असेल तर दोन पट्टे हातात धरून ताणून बघण्यापेक्षा गाडीच्या मॉडेलवरून भाग क्रमांक काढावा. आपण मॉडेल लिहिलेले नाही, त्यामुळे याहून पुढे मला सांगता येत नाही. एवढे मात्र तपासावे की आपल्या इंजिनात टेन्शनर (पट्टा ताणून ठेवणारी पुली) आहे, की अल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो, की टेन्शनर नसलेला लवचीक पट्टा आहे. हा लवचीक पट्टा चढवायला वेगळे साधन लागते.

दुसरे असे की, भेगा नाहीत म्हणजे पट्टा चांगला, हा समज जुन्या रबराच्या काळातला आहे. आताचे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे पट्टे टायरसारखे झिजतात. भेगा पडत नाहीत, धारांमधली खाच मात्र खोल होत जाते आणि पट्टा पुलीच्या तळाला टेकून घसरू लागतो.

नवा पट्टा घेण्याआधी आवाजाची परीक्षा करावी. इंजिन चालू असताना, सैल बाह्या आणि हात पुरेसे दूर ठेवून, पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर लांबूनच थोडे पाणी शिंपडावे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, आणि आवाज वाढला तर ताण कमी आहे. पट्टा काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर लागली किंवा पुली डगमगली तर बेअरिंग गेले आहे. ते तसेच ठेवून नवा पट्टा चढवणे म्हणजे नव्या वहाणा घालून चिखलात उतरणे. बसवताना एक धार पुलीबाहेर राहणे ही नेहमीची चूक आहे, म्हणून काढण्याआधी पट्ट्याच्या मार्गाचा फोटो घ्यावा.

शहापूरचा वाचक

वरील फिटरसाहेबांशी बहुतांशी सहमत आहे, पण फळीविषयी एक भर घालतो. माझ्या गाडीचे ऑइल पॅन पातळ पत्र्याचे होते, मी अरुंद फळी लावली आणि पॅन आत दबले. तेल ओढणारी जाळी पॅनच्या तळाशी जवळच असते, त्यामुळे पोचा लहान दिसला तरी तेलाचा दिवा लागण्याची भीती असते. शेवटी पॅनच बदलावे लागले. फळी पॅनच्या कडेपर्यंत पोचेल एवढी रुंद असावी. बॉनेटच्या दोन्ही कडांवर आडवा टाकून इंजिन साखळीने धरणारा बार भाड्याने मिळाला तर अधिकच उत्तम.

शिवाय, जुने फाउंडेशन काढल्यावर त्यावर तेलकट काळा ओघळ दिसला तर ते द्रव भरलेले होते; तिथे स्वस्तातले भरीव रबर लावल्यास थरथर उलट वाढेल. नवे बसवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी लावावेत, जॅक उतरवून इंजिन आपल्या जागी बसू द्यावे, आणि मगच टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातील आकड्याप्रमाणे आवळावे.

खानापूरकर

सर्वांचे आभार. मावसभावाच्या शेडमधील काँक्रीटवर, दोन स्टँड घेऊन रविवारी काम केले. पाण्याच्या परीक्षेत आवाज क्षणभर थांबून परत आला, आणि पट्टा उतरवल्यावर आयडलर पुली (पट्ट्याला फक्त वाट दाखवणारी मोकळी पुली) बोटाने हलवली तर चक्क डुलत होती. जुना पट्टाही धारांमध्ये खोल गेलेला होता, म्हणून दोन्ही बदलले. फाउंडेशनचे रबर धातूपासून पूर्ण सुटले होते. बोटाचे पेर आत जात होते. सकाळचा आवाज आता बंद आहे. एसीवरची थरथर बरीच उतरली, तरी थोडी शिल्लक आहे. खालचा टॉर्क रॉडही (इंजिनाचे पुढे-मागे झुकणे रोखणारा दांडा) तपासावा लागेल असे दिसते.

उद्यमबागेतील फिटर

तोच तपासावा. एक फाउंडेशन बसले की त्याचा भार बाकीच्यांवर जातो, आणि टॉर्क रॉडचे रबर बहुधा पाठोपाठ फाटते. गिअर टाकून क्लच सोडताना खालून धप्प असा आवाज येतो का, ते पाहून कळवावे.